माझं कपाळ संपावर गेलं त्याची हकीकत

प्रिय आत्या,

तुला नमस्कार आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार. तो आता कठडा न धरता जिना चढतो हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला गेला, न्हाणीघरातला नळ राहिला (म्हणजे गळायचा राहिला नाही, दुरुस्त व्हायचा राहिला), आणि माझी तब्येत मानेपासून खाली उत्तम आहे. तू मानेच्या वरचं विचारलं आहेस, म्हणून हे एवढं लांब पत्र.

तुझ्या पत्राचा पहिला परिच्छेद मी शाळेच्या शिक्षकखोलीत उभ्याने चहा पीत वाचला. दुसरा वाचून झाला तेव्हा चहा हजेरीपटावर होता. "तू कपाळात त्या सुया घेतल्यास हे माझ्या लक्षात आलं आहे. कुठे घेतल्यास, दुखतं का आणि माझ्या वयाला किती लागतील ते सविस्तर कळव." आत्या! तू एकोणसत्तर वर्षांची आहेस. देवीची लस टोचायच्या रांगेतून तू मागच्या दाराने पळाली होतीस आणि दोन दिवस शेजाऱ्यांच्या माळ्यावर बसली होतीस, ही गोष्ट घरातल्या पोराटोरांना पाठ आहे. त्या तुला आता आपणहून, पैसे देऊन, चेहऱ्यात सुया हव्या आहेत? मी ती ओळ चारदा वाचली. शेवटी हस्ताक्षर तुझंच आहे ना याची खात्री केली.

तुझ्या लक्षात कसं आलं ते मात्र मला कळलं. अडीच महिन्यांपूर्वी तू व्हिडिओवर गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत होतीस, टाके कसे चिघळले, रात्रभर कशी कळ येत होती, आणि मी समोर बसून गुळगुळीत चेहऱ्याने ऐकत होते. तुला वाटलं असेल, पोरीला काही सोयरसुतक नाही, पण दिसते मात्र दहा वर्षांनी लहान. आत्या, त्या वेळी मी आतून हळहळत होते. हळहळ बाहेर यायचा रस्ता बंद होता, एवढंच. तो कसा बंद झाला ते आता सगळं सांगते, कारण हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं (आणि दुसऱ्या कोणाकडून कळलं तर त्यात पोलिसांची गाडीही येईल).

माझ्या दोन भुवयांच्या मधल्या दोन उभ्या आठ्या तू माझ्या लहानपणापासून बघत आली आहेस. वय वाढलं तशा त्या इतक्या खोल गेल्या की कपाळावर कोणी अकराचा आकडा कोरून ठेवला आहे असं वाटायचं. मला राग आलेला नसायचा. मी किराणा दुकानात मूग कुठले चांगले याचा विचार करत उभी असायचे आणि दुकानदार न मागता म्हणायचा, "बदलून देतो, बाई, बदलून देतो." बँकेत मी रांगेत उभी राहिले की खिडकीतली मुलगी आधीच सांगायची की यंत्र बंद आहे यात तिचा दोष नाही. हेही सहन केलं असतं. पण शाळेची नवी माहितीपुस्तिका निघायची होती आणि तिच्यासाठी सगळ्या शिक्षकांचा फोटो काढायला फोटोग्राफर आला. त्याने आम्हाला नीट उभं केलं, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि म्हणाला, "दुसऱ्या रांगेतल्या बाई, थोडं हसा." मी हसत होते! तो पुन्हा म्हणाला, "बाई, झालं असेल काही, पण दोन मिनिटं विसरा." सगळे खो खो हसले. शेवटी ढग आले, उजेड गेला आणि फोटो पुढच्या महिन्यावर ढकलला गेला. मी घरी येऊन आरशासमोर बसले आणि दोन बोटांनी तो अकरा ताणून ताणून बघितला. ताणला की जायचा. सोडला की हजर.

आता पहिला मूर्खपणा. माझे केस कापते त्या पार्लरवालीला मी हे बोलून दाखवलं. ती लगेच कानाशी आली. दर गुरुवारी तिच्याकडे बाहेरून एक बाई येते, तिच्याकडे सगळं असतं, डॉक्टरपेक्षा स्वस्तात होतं, आणि तिघी मिळून आल्या तर तिसरीचे ओठ फुकट. मी तिसरी होते. (मला ओठ नको होते, पण फुकट म्हटल्यावर माणूस विचार करतोच.) गुरुवारी मी मागच्या खोलीत गेले. केस धुवायच्या खुर्चीवर मला उताणं केलं. डोक्यापाशी फ्रिज होता. त्या बाईने तो उघडला आणि अर्ध्या कापलेल्या टरबुजाच्या मागून एक डबी काढली, डबीतून एक बाटली काढली. बाटलीवर कागद नाही, नाव नाही, तारीख नाही. मी विचारलं, हे काय आहे? म्हणाली, इंपोर्टेड आहे. मी विचारलं, पण काय इंपोर्टेड आहे? ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी तिच्या माहेरची चौकशी केली. तेवढ्यात माझ्या आधीची बाई आरशासमोर उठून बसली. तिचा वरचा ओठ नाकाला टेकला होता आणि एका बाजूने पांढराफटक पडत चालला होता. पार्लरवाली म्हणत होती की हे उतरतं, उद्यापर्यंत उतरतं. मी गळ्याला बांधलेल्या प्लास्टिकच्या झग्यासकट रस्त्यावर आले. दोन चौक पुढे गेल्यावर भान आलं, तशी परत फिरले, त्या बाईला हाताला धरून ओढत रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. बाई वाचली, ओठही वाचला, पण तिथल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या की अजून काही तास गेले असते तर सांगता आलं नसतं. भरायचं औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर पुढचा भाग मरतो, आणि नाकाडोळ्यांजवळ चुकलं तर दृष्टीसुद्धा जाऊ शकते. मी मान डोलावत होते. झगा अजून गळ्यातच होता.

इथे कोणीही शहाणी बाई घरी गेली असती. मी त्याच डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

त्यांच्यात खोट काढायला जागा नाही, हे आधीच लिहून ठेवते. त्यांनी मला अर्धा तास प्रश्न विचारले. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, स्नायूंचा काही आजार आहे का, कसली अॅलर्जी, दिवस गेलेले नाहीत ना (मी बावन्न वर्षांची! मी हसले, अकरा तसाच). मग नीट समजावलं. सुया दोन जातींच्या असतात, एक स्नायूला झोपवते, दुसरी खड्डा भरते, आणि माझं काम पहिलीचं. दोन-चार दिवसांनी गुण दिसतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो, तीन-चार महिन्यांत उतरतो. एकदा टोचलं की मधेच मागे घेता येत नाही. क्वचित पापणी लोंबते. त्या म्हणाल्या, आधी फक्त आठ्यांपुरतं थोडंसं करू, आणि तेसुद्धा तुम्ही घरी जाऊन आठवडाभर विचार करून या. मी आठवडाभर विचार केला आणि परत जाऊन म्हणाले की आलेच आहे तर पूर्ण कपाळाचं करून टाका. (तू मला नेहमी हावरट म्हणायचीस, ते किती खरं होतं.) तेव्हा त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. तुमचं काम असं काही आहे का, ज्यात चेहरा लागतो? नाटकात काम करता, गाता वगैरे? मी म्हणाले, छे हो, मी कुठली नटी, मी साधी शाळेतली मास्तरीण.

आत्या, मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत एकवीस वर्षं शिकवते आहे. हे मला त्या क्षणी आठवलं नाही. माणसाने आपलं नाव विसरावं तसं मी ते विसरले.

तुला आमच्या खुणांची भाषा येत नाही म्हणून सांगते. शब्द हातात असतात, पण व्याकरण चेहऱ्यावर असतं. 'तू जेवलास' आणि 'तू जेवलास का' यांत हात अगदी तसेच चालतात. फरक एवढाच की दुसऱ्यात भुवया वर जातात. आपल्या बोलण्यातला 'का' आमच्याकडे कपाळावर राहतो. आणि कोण, कधी, कशाला असं विचारायचं तर भुवया आक्रसून खाली येतात. म्हणजे माझ्या ज्या आठ्यांना सगळं जग घाबरत होतं, त्या एकवीस वर्षं प्रश्न विचारून विचारून एवढ्या खोल गेल्या होत्या. शिवाय आमच्याकडे मुलं प्रत्येकाला खुणेचं नाव देतात. माझं नाव म्हणजे दोन बोटं उभी धरून भुवयांच्या मधे टेकवायची. मी पैसे देऊन माझं व्याकरण आणि माझं नाव दोन्ही पुसून आले होते.

सुया टोचल्या तेव्हा मुंगी चावल्यासारखं झालं, बाकी काही नाही. (दुखतं का, याचं उत्तर झालं.) चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, म्हणून मी संध्याकाळभर घरात ताठ बसून होते. ह्यांनी विचारलं, पाठ धरली आहे का? आमचे हे मुद्रितशोधक आहेत हे तुला माहीत आहे. चारशे पानांच्या पुस्तकात एक अनुस्वार सांडला तरी ह्यांना झोप येत नाही. पुढच्या आठवड्यात बायकोच्या चेहऱ्यावरच्या दोन अख्ख्या ओळी गाळल्या गेल्या, ह्यांना पत्ता नाही.

पाचव्या दिवसापासून वर्गात विचित्र गोष्टी व्हायला लागल्या. माझ्या वर्गात आठ-नऊ वर्षांची सात मुलं आहेत. मी एकाला विचारलं, पाणी पाहिजे? तो उठून गेला आणि माझ्यासाठी पेला भरून घेऊन आला. मी दुसरीला विचारलं, तिनेही आणला. दुपारपर्यंत मी पाच पेले पाणी प्यायले होते आणि कोणीच स्वतः पीत नव्हतं. मग फळ्यावर भागाकार सोडवला आणि सवयीने खूण केली, कळलं? सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं, आणि वेणी नावाच्या मुलीने (खुणेत तिचं नाव वेणी) उठून माझी पाठ थोपटली. बाईंना एकदाचा भागाकार कळला होता. मी आपली खूश, की मुलं किती प्रेमळ झाली आहेत. तोवर आरशात अकरा पार नाहीसा झाला होता आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं.

नवव्या दिवशी जे झालं ते आता लिहिते. साडेदहाची वेळ. आमच्या वर्गातली खळी (दोन्ही गालांवर पडतात म्हणून खळी) पोट धरून बसली होती. मी तिच्यापुढे वाकून विचारलं, पोट दुखतंय? घरी जायचं? आणि तिच्या आईला फोन करावा म्हणून पाठ फिरवून कपाटातून नंबरांची वही काढायला गेले. मागे खुर्च्यांचा खडखडाट झाला, पण त्याचं मला काही वाटलं नाही. (कर्णबधिर मुलांची शाळा शांत असते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन बघावं. स्वतःचा आवाज ज्याला ऐकू येत नाही तो खुर्ची हळू कशाला सरकवेल?) वही सापडायला तीन-चार मिनिटं लागली. वळून बघते तर वर्ग रिकामा. सात खुर्च्या, सातही दप्तरं गायब. माझ्या कपाळावर प्रश्न नव्हताच. मी मुलांना सांगितलं होतं : पोट दुखतंय. घरी जायचं.

मी पळत फाटकाशी आले. सहा मुलं ओळीने दप्तरं पाठीला लावून उभी होती आणि फाटकवाला दोन्ही हात पसरून त्यांना अडवत होता. सहा. मी पुन्हा मोजली. पुन्हा सहा. खळी पहिली उठली होती, आणि फाटकवाला त्या वेळी दुधाच्या गाडीसाठी फाटक उघडत होता. नऊ वर्षांची मुलगी, हॉर्न ऐकू येत नाही, हाक ऐकू येत नाही, आजवर आईशिवाय रस्ता ओलांडलेला नाही, घर अकरा थांबे लांब आणि मधे एकदा बस बदलावी लागते.

मुख्याध्यापिकाबाई धावत आल्या. मी सांगितलं, खळी नाही. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही इतक्या शांत कशा काय?" आत्या, आत माझा आकांत चालला होता आणि कपाळावर सुट्टीचा दिवस होता. पोलिसांना फोन गेला. गाडी आली. हवालदाराने वर्णन लिहून घेताना दोनदा मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मग मुख्याध्यापिकाबाईंना बाजूला घेऊन विचारलं की या बाईंचं आणि त्या मुलीच्या घरच्यांचं काही भांडण आहे का. मी रडत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हनुवटी थरथरत होती, पण वरचा अर्धा चेहरा कुठल्याशा बागेत बसून हवा खात असल्यासारखा. असं रडणं बघून कोणालाही संशय आला असता. मलाच शिक्षकखोलीच्या काचेत बघून आला.

आम्ही दीड तास रस्ते पालथे घातले. मी प्रत्येक बसथांब्यावर उतरून विचारत होते. बारा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. खळी सापडली होती. सापडली म्हणजे ती हरवलीच नव्हती. तिची आई एका मोठ्या लाँड्रीत कामाला आहे, हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करते. घरी कोणी नसतं हे खळीला माहीत, म्हणून ती घरी न जाता सरळ आईच्या कामावर गेली. पहिली बस, मग भाजीबाजाराच्या चौकात उतरून दुसरी बस, कंडक्टरला गळ्यातला पास दाखवून. वाफेच्या ढगातून आईने मान वर केली तर समोर पोरगी उभी. आईच्या हातातली इस्त्री चादरीवर तशीच राहिली. चादर जळाली.

मी तिथे पोचले तेव्हा तिची आई दारातच उभी होती. काय बोलली ते सगळं लिहीत नाही. एक वाक्य मात्र अजून कानात आहे. मी हात जोडून म्हणत होते, चुकलं, माझं चुकलं, आणि ती माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "तोंडाने चुकलं म्हणताय आणि कपाळावर रेघ नाही. तुम्हाला काही वाटतंय तरी का?" मग तिथेच, इस्त्रीच्या टेबलांमधे, आठ बायकांसमोर मी सगळं सांगून टाकलं. सुया, अकरा, फोटो, सगळं. सगळ्या इस्त्र्या थांबल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, "अगं बाई!"

खळी हे सगळं बघत होती. तिला ऐकू काहीच आलं नव्हतं. ती माझ्याजवळ आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळ अगदी जवळून तपासलं, बंद पडलेल्या घड्याळाची काच बघावी तसं. मग दोन अंगठे माझ्या दोन्ही भुवयांखाली लावले, दुकानाचं शटर उचलावं तशा त्या वर ढकलल्या, आणि माझ्याकडे बघत हनुवटी उडवली : आता विचारा.

मी विचारलं, पोट दुखतंय का?

तिने खूण केली, नाही, बसमध्ये थांबलं. आणि मग तिचे हात जे सुटले! पहिल्या बसमध्ये खिडकी मिळाली, दुसऱ्यात एका आजोबांनी जागा दिली, चौकात दिवा हिरवा होईपर्यंत मी थांबले, एकटी आले, एकटी! मी आईकडे बघितलं. आईच्या रागाची जागा कशाने तरी घेतली होती. ती खाली बघत मला म्हणाली, "केव्हापासून हेच करतेय. काय सांगतेय हो ती? मला नाही कळत." नऊ वर्षांची मुलगी, आत्या, आणि आईला तिच्याशी बोलायला चार खुणा येतात : जेव, झोप, चल, नको. रात्री दहाला घरी येणारी बाई शिकणार तरी केव्हा? मी खळीचा सगळा प्रवास तिला शब्दाशब्दाने सांगितला. जळक्या चादरीवर बसून ती ऐकत होती.

एवढ्याने सगळं गोड झालं असं समजू नकोस. मला लेखी समज मिळाली, ती नोकरीच्या कागदात कायमची राहील. पालकांच्या सभेत मला उभं राहून हे सगळं पुन्हा सांगावं लागलं. दोन पालक अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. हे सभेत मागच्या बाकावर बसले होते. घरी येताना वाटेत थांबले, दिव्याखाली माझा चेहरा नीट बघितला आणि म्हणाले, "दोन दंड गळलेत खरे." (दंड म्हणजे श्लोकाच्या शेवटी देतात ती उभी रेघ.) आणि त्या रात्री ह्यांना झोप आली नाही.

वर्गाचं काय करायचं हा प्रश्न होताच. मान पुढे काढून, डोळे मोठे करून, खांदे उडवून प्रश्न विचारून बघितले. मुलांना वाटलं, मला उचकी लागली आहे. शेवटी मुलांनीच पुठ्ठ्याच्या दोन काळ्या भुवया कापल्या आणि पट्टीला चिकटवल्या. पट्टी वर धरली की हो-नाहीचा प्रश्न, उलटी करून खाली आणली की कोण-कुठे-कशाला. तीन महिने मी अशी शिकवत होते. मुलं आळीपाळीने भुवया धरायची आणि मनात आलं की माझ्या साध्या वाक्यांचेही प्रश्न करायची. फळ्यावर दोन अधिक दोन चार लिहावं तर मागून भुवया वर. मुलांना एवढं हसताना मी एकवीस वर्षांत बघितलं नव्हतं. फोटोसुद्धा याच दिवसांत काढला. माहितीपुस्तिकेत मी दुसऱ्या रांगेत आहे, गुळगुळीत, प्रसन्न, आणि मुलांपैकी एकालाही मी कोण हे ओळखता आलं नाही.

आणि दर बुधवारी, लाँड्रीच्या सुट्टीच्या दिवशी, खळीची आई वर्गात येऊ लागली. पहिल्या बुधवारी ती शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली होती. मुख्याध्यापिकाबाई बाहेर गेल्या होत्या म्हणून वर्गात मागे बसली, आणि पुठ्ठ्याच्या भुवया बघून तिला राहवलं नाही. "सरका," म्हणाली, "हे काय लहान मुलांचं काम आहे?" आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या भुवया काय सांगू तुला! रागावून रागावून तयार झालेल्या. हात माझे, भुवया तिच्या, असा आम्ही दोघींनी मिळून तास घेतला. दाखल्याचं ती पुन्हा बोलली नाही. आता तिला दीडशेच्या वर खुणा येतात. तरी मला ती अजून बाई म्हणत नाही, 'अहो' म्हणते, आणि चहा देऊ केला तर घेत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी माझी डावी भुवई हलली. एकटीच. आठवडाभर माझे सगळे प्रश्न संशयाने विचारल्यासारखे दिसत होते. आता उजवीही निघाली आहे, आणि अकराची बारीक रेघ उमटते आहे.

तर आत्या, तू सल्ला मागितलास, तो असा. तू रक्त पातळ करायची गोळी घेतेस. ती डॉक्टरांना आधी सांगायची, आणि स्वतःच्या मनाने बंद मुळीच करायची नाही. पार्लर, मैत्रिणीचं घर, फ्रिज, टरबूज असं जिथे दिसेल तिथून उठून यायचं. औषधाची बाटली तुझ्यासमोर फोडली पाहिजे आणि तिच्यावर नाव-तारीख पाहिजे. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबायचं. आणि तू काय काम करतेस असं विचारलं तर नीट आठवून उत्तर द्यायचं. पण माझं ऐकशील तर घेऊच नकोस. एकोणसत्तर वर्षं तू त्या चेहऱ्याने आम्हाला न बोलता धाक घातलास आणि न बोलता जवळ घेतलंस. त्यातली एक रेघ कमी झाली तर आम्ही तुझं काय समजायचं?

गुडघ्याचा व्यायाम चुकवू नकोस. जिन्यात चष्मा लावत जा.

तुझी भाची

ता. क. : खोटं कशाला बोलू, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून काल निरोप आला की पुढच्या खेपेची वेळ झाली आहे, यायचं असल्यास कळवा. मी 'नाही' असं कळवलेलं नाही. 'हो' असंही नाही. फक्त आठ्यांपुरतं, थोडंसं केलं तर भुवया हलतात म्हणे.

आणखी एक ता. क. : पाकिटावर घालायला तुझा पिनकोड शोधत होते म्हणून तुझं पत्र पुन्हा उघडलं. मागच्या बाजूला, समासात, आडवी लिहिलेली एक ओळ माझ्याकडून वाचायचीच राहिली होती. "ते म्हणतात, तुम्हाला कशाला हवंय हे सगळं, आहात तशा छान दिसता." आत्या, ते कोण? काकांना जाऊन चौदा वर्षं झाली. तू बँकेच्या मॅनेजरला 'तो' म्हणतेस. गुडघ्याचं ऑपरेशन करणाऱ्या एवढ्या मोठ्या डॉक्टरला 'तो पोरगा' म्हणतेस. तुझ्या लेखणीतून आदरार्थी 'ते' काकांनंतर पहिल्यांदा उतरलेलं मी बघते आहे. वरचं सगळं पत्र विसर. माझं मागणं एवढंच आहे की नाव, वय, काम, कुठे भेटले आणि कधीपासून, हे सगळं उलट टपाली कळव. नाहीतर राहू दे, टपालाला चार दिवस लागतील. मी रविवारी सकाळच्या गाडीने येते. त्यांनाही बोलावून ठेव. मला त्यांचा चेहरा बघायचा आहे.